फेझर म्हणजे लेसर नव्हे!

13 एप्रिल 2025 रोजी आंध्र प्रदेशातल्या कर्नूल इथे डीआरडीओने 30 किलोवॉटच्या लेसरने ड्रोन पाडून दाखवला. बातम्यांमध्ये ‘स्टार वॉर्स’ हा शब्द झळकला आणि ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांचं जुनं पालुपद पुन्हा सुरू झालं: ‘घ्या, फेझर आला!’ ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर कर्क आणि स्पॉक पाहिलेले काका असोत, की हल्ली ओटीटीवर सगळे भाग एका दमात संपवणारा त्यांचा भाचा, मालिकेतलं फेझर हे शस्त्र म्हणजे लेसरच, याबद्दल दोघांचं एकमत असतं.

नाही. फेझर म्हणजे लेसर नव्हे. आणि हे भौतिकशास्त्राच्या आधी मालिकेच्या निर्मात्यांनीच सांगून ठेवलं आहे.

थिओडोर मायमन यांनी कॅलिफोर्नियात मालिबू इथल्या प्रयोगशाळेत पहिला लेसर चालवला तो 16 मे 1960 रोजी. चारच वर्षांनी ‘स्टार ट्रेक’चा पहिला नमुना भाग ‘द केज’ चित्रित झाला. त्यात पात्रांच्या हातातल्या शस्त्रांना खरोखर ‘लेसर’च म्हटलं होतं. मग निर्माते जीन रॉडनबेरी सावध झाले. लेसर आता कल्पनेतला राहिला नव्हता. तो काय करू शकतो आणि काय नाही, हे थोड्याच वर्षांत लोकांना कळणार आणि प्रेक्षक घरबसल्या चुका काढणार, हे त्यांना दिसत होतं. म्हणून त्यांनी शब्दच बदलला. 8 सप्टेंबर 1966 रोजी मालिका पडद्यावर आली, तोवर लेसरचा ‘फेझर’ झालेला होता. हा किस्सा 1968 च्या ‘द मेकिंग ऑफ स्टार ट्रेक’ या पुस्तकात नोंदवलेला आहे. ‘द नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेच्या 1991 च्या तांत्रिक पुस्तिकेत तर फेझरसाठी ‘नेडिऑन’ नावाचे वेगळे कणच कल्पिले आहेत. थोडक्यात, ज्या तुलनेच्या भीतीने शब्द बदलला, तीच तुलना चाहते साठ वर्षं कौतुकाने करत आले आहेत.

नाव सोडून गुण पाहिले, तरी दोघांचं जमत नाही. पडद्यावर झोत सुटताना दिसतो, लांबत जातो, समोरचा वेळेवर वाकला तर वाचतोही. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. आपल्या टीव्हीवर सेकंदाला 25 चित्रं सरकत, म्हणजे एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत प्रकाश 12,000 किलोमीटर जातो. मुंबईहून निघालेला किरण तेवढ्यात न्यूयॉर्कच्या जवळपास पोहोचतो. तो ‘लांबत जाताना’ कोणाला दिसणार, आणि तो पाहून वाकणार कोण?

मुळात लेसरचा झोत बाजूने दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत लेसर पॉइंटर भिंतीवर टाकला, तर भिंतीवर फक्त ठिपका दिसतो, मधली हवा रिकामी. तिथे उदबत्ती लावली, की धुराच्या वळशांमध्ये रेघ उमटते, आणि धूर सरकला की तुटते. धुराच्या कणांवर आपटून जो प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळतो, तेवढाच आपल्याला दिसतो. अंतराळात उदबत्ती कोण लावणार? शिवाय शस्त्रांसाठी वापरले जाणारे बहुतेक लेसर अवरक्त असतात, म्हणजे धूर असला तरी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

आता ताकदीचं. फेझर पूर्ण क्षमतेवर ठेवला की माणूस क्षणात नाहीसा होतो. शेजारी उभ्या असलेल्याचा केसही हलत नाही. 70 किलोच्या माणसाच्या शरीरात साधारण 42 लिटर पाणी असतं. ते नुसतं उकळून त्याची वाफ करायची, तर दहा कोटी ज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा लागते. कर्नूलच्या 30 किलोवॉटच्या लेसरला, एक कणही वाया गेला नाही असं धरलं, तरी या कामाला जवळपास एक तास लागेल. हाडांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. आणि ती सगळी वाफ त्याच खोलीत राहणार. शेजारचा माणूस होरपळून निघेल.

मग कर्नूलला झालं काय? 30 किलोवॉट म्हणजे स्वयंपाकघरातल्या साधारण पंधरा इंडक्शन शेगड्यांची ताकद. ती एका छोट्या ठिपक्यावर एकवटायची आणि लक्ष्य हलत असताना तो ठिपका त्याच जागी काही सेकंद धरून ठेवायचा. कवच वितळतं, सेन्सर निकामी होतो, ड्रोन पडतो. अमेरिकी नौदलाने 2014 मध्ये ‘पॉन्स’ या जहाजावर बसवलेलं लेसर शस्त्रही 30 किलोवॉटच्याच वर्गातलं होतं. या यंत्रणांचं खरं कौशल्य आहे ते निशाणा न हलू देण्यात. हे जमणं फार अवघड आहे आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं, पण त्यासाठी त्याला फेझर म्हणायची गरज नाही.

यावर चाहते हुकमी पान टाकतात: अमेरिकी हवाई दलाने 2005 मध्ये ‘फेझर’ नावाची बंदूक बनवलीच होती की! बनवली होती, तीही लेसरची. पण इंग्रजी आद्याक्षरं जुळवून मालिकेची आठवण करून देणारं नाव ठेवलेला तो प्रायोगिक नमुना होता, आणि त्याचं काम होतं समोरच्याचे डोळे तात्पुरते दिपवणं. बेशुद्ध करणं त्याच्या आवाक्यात नव्हतं.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे, तर ‘छोट्या लेसरने काय होतंय’ हा गैरसमज मात्र महागात पडणारा आहे. 2023 मध्ये नाशिकच्या विसर्जन मिरवणुकीतल्या लेसर झोतांनंतर काही तरुणांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याचं तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी समोर आणलं. 2024 च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली. आणि माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठी बनवलेल्या लेसर शस्त्रांवर तर 1995 च्या आंतरराष्ट्रीय करारानेच बंदी आहे.

बाकीचे गैरसमज पटापट उरकता येतील.

‘टेझर हे नाव फेझरवरून आलं.’ नाही, जॅक कव्हर यांनी ते ‘टॉम स्विफ्ट अँड हिज इलेक्ट्रिक रायफल’ या 1911 च्या किशोर कादंबरीवरून घेतलं.

‘फोटॉन टॉर्पेडो प्रकाशाचा असतो.’ त्याच तांत्रिक पुस्तिकेनुसार त्यात दीड किलो प्रतिद्रव्य असतं. तेवढ्याच द्रव्याशी ते भिडलं, तर स्फोट सुमारे 64 मेगाटनांचा होईल. 1961 ची सोव्हिएत ‘झार बॉम्बा’ 50 मेगाटनांची होती.

‘डॉक्टर हू’ या मालिकेतला सोनिक स्क्रूड्रायव्हर शस्त्र नाही, 1968 पासून ते हत्यार आहे सुताराच्या अर्थाने, सैनिकाच्या नव्हे. प्रत्येक कुलूप त्यानेच उघडायला लागल्यावर कथेतली अडचणच संपते म्हणून 1982 मध्ये ते मोडूनही टाकलं होतं.

एवढं होऊनही कोणाला फेझरला लेसरच म्हणायचं असेल, तर त्याने ‘द नेक्स्ट जनरेशन’चा 1988 चा ‘दि आउटरेजस ओकोना’ हा भाग काढून पाहावा. एक परकं यान नायकांच्या एंटरप्राइज यानावर लेसर रोखतं. लेसर आपल्या साध्या मार्गदर्शन ढालीलाही भेदू शकत नाही, असं रायकर कॅप्टन पिकार्डना सांगतो, आणि यानाच्या नियंत्रण कक्षातल्या कोणाच्याही चेहऱ्यावर घाबरल्याची खूण दिसत नाही.