ट्रकचा अपघात आणि भरपाईचा दावा : चेंबूरकरांचे काही गैरसमज

माहुलच्या दोन्ही तेल रिफायनऱ्या १९५४-५५च्या सुमारास सुरू झाल्या. तेव्हापासून चेंबूरच्या रस्त्यांवर टँकर आहेतच. त्यात वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलची ये-जा, देवनारकडे जाणारे डंपर आणि सायन-पनवेल महामार्गावरून न्हावाशेव्याला निघालेले कंटेनर यांची भर पडली. पांजरापोळ, वाशी नाका, छेडानगर, मानखुर्द या भागांत दुचाकीवरून, रिक्षातून किंवा पायी जाणारा माणूस रोज या गाड्यांच्या शेजारूनच जातो. इतकं असूनही ट्रकच्या अपघातानंतर जखमीला काय मिळू शकतं आणि ते कुणाकडून, याबद्दल आपल्याकडे फार चुकीच्या समजुती आहेत. त्या समजुतींपायी घरच्यांच्या हातून हक्काचे पैसे निसटतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. भरपाई किती, हे जखमी माणसाकडे बघून ठरतं. ती देणार कोण, हे गाडीच्या कागदांवरून ठरतं. कारच्या अपघातात हा दुसरा प्रश्न बहुतेक वेळा लवकर सुटतो. ट्रकच्या अपघातात बरीचशी लढाई त्याच प्रश्नावर होते.

गैरसमज १ : ट्रक मोठा, म्हणून भरपाईही मोठी.

वस्तुस्थिती : मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे लोक ज्याला ट्रायब्युनल म्हणतात तिथे, धडक कारची होती की अठरा चाकी ट्रेलरची यावर रकमेचं सूत्र बदलत नाही. जखमीचं वय, उत्पन्न, कमाईच्या क्षमतेचं नुकसान, उपचारांचा खर्च आणि सोसलेल्या वेदना यांवर रक्कम ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा खटल्यात वयानुसार गुणक ठरवून दिले आणि २०१७ साली प्रणय सेठी खटल्यात भविष्यातल्या उत्पन्नवाढीचे टक्के ठरवले.

एक कल्पित उदाहरण घेऊ. चेंबूर कॅम्पात शिवणकाम करणारा ३२ वर्षांचा कारागीर महिन्याला २०,००० रुपये कमावतो. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे. महिना २८,००० झाला, वर्षाचे ३,३६,०००. या वयाचा गुणक १६, म्हणजे ५३,७६,००० रुपये. कमाईची क्षमता ६० टक्के गेली असं सिद्ध झालं, तर या एका सदराखाली ३२,२५,६०० रुपये होतात. उपचार, पुढच्या शस्त्रक्रिया आणि वेदना यांचे पैसे वेगळे.

यातला कळीचा आकडा ६० टक्क्यांचा आहे. डॉक्टरांच्या दाखल्यावर शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी असते. कमाईचं नुकसान त्याहून वेगळं निघू शकतं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) या निकालात न्यायालयाने हाच फरक समजावून सांगितला आहे. हात गेला तर सुताराची किंवा चालकाची जवळजवळ सगळी कमाई बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून जखमी नेमकं काय काम करत होता आणि आता त्याला काय जमत नाही, हे पुराव्याने मांडावं लागतं. जड वाहनाच्या धडकेत हाडं चुरडणं, पाय कापावा लागणं, मणक्याला मार बसणं असे प्रकार जास्त घडतात. त्यामुळे हा पुरावा नीट उभा करणं फार मोलाचं ठरतं.

अमेरिकेत आंतरराज्य मालवाहू ट्रकला किमान साडेसात लाख डॉलरचा दायित्व विमा घ्यावा लागतो. तिथले ट्रकचे दावे मोठे का असतात, याचं हे एक कारण. आपल्याकडे मृत्यू आणि शारीरिक इजेसाठीचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा कारचा असो वा ट्रकचा, न्यायाधिकरणाने ठरवलेली पूर्ण रक्कम त्यातूनच द्यावी लागते. तिकडच्या बातम्या वाचून इथले अंदाज बांधू नयेत.

गैरसमज २ : चूक नेहमी मोठ्या गाडीचीच धरतात.

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली पूर्ण भरपाई हवी असेल तर समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावाच लागतो. दुचाकीस्वार उलट दिशेने येत होता असं दिसलं, तर त्याच्या वाट्याची चूक धरून रक्कम कापली जाते. मात्र पुराव्याची पातळी फौजदारी खटल्याइतकी कडक नसते. शक्यतेचं पारडं कुणाकडे झुकतं, एवढं पाहिलं जातं. म्हणून चालक फौजदारी खटल्यातून सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही.

उभ्या ट्रकवर मागून गाडी आदळली तर चूक मागच्याचीच, असंही सरसकट मानलं जातं. आर्चित सैनी खटल्यात (२०१८) रस्त्याच्या मध्ये, इशारा न देता उभ्या केलेल्या गॅस टँकरवर कार आदळली होती. सर्वोच्च न्यायालयाने टँकरच्या बाजूचाच निष्काळजीपणा मान्य केला. रात्री सायन-ट्रॉम्बे रस्त्याच्या कडेला ट्रकांची रांग लागलेली असेल, तर पार्किंग लाइट चालू होते का, मागची परावर्तक पट्टी जागेवर होती का, हे पंचनाम्यात आलं पाहिजे.

कार आणि ट्रक दोघांचीही चूक असेल आणि कारमधला प्रवासी जखमी झाला असेल, तर तो दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली खेन्येई खटल्यात हे स्पष्ट केलं. वाटणीचा वाद त्या दोघांनी आपसात मिटवायचा.

चूक सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळण्याची सोय आहे. पण ही रक्कम कायद्यातल्या तडजोडीच्या पद्धतीने स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. दवाखान्याच्या बिलांच्या ताणाखाली सही करण्याआधी हे नक्की विचारून घ्यावं.

गैरसमज ३ : टँकर उलटला आणि नंतर आग लागली, तर तो वाहनाचा अपघात नाही.

वस्तुस्थिती : चेंबूरकरांनी हा निकाल माहीत करून घ्यावा. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे तीनच्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या कवठे गावाजवळ, तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग ४ वर, पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याखाली जाऊन आडवा झाला आणि पेट्रोल गळू लागलं. आसपासचे लोक तिथे जमले. सुमारे चार तासांनी स्फोट होऊन आग भडकली आणि त्यात काहींचा जीव गेला. एका मृत तरुणाच्या आईने भरपाई मागितली. समोरून युक्तिवाद झाला की टक्कर पहाटेच संपली होती, टँकर पडून होता, म्हणजे आगीच्या वेळी वाहनाचा ‘वापर’ चालू नव्हता.

जुलै १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. बंद पडलेलं, आडवं झालेलं वाहनही कायद्याच्या अर्थाने वापरात असू शकतं. टक्कर, गळती आणि स्फोट ही एकाच घटनेची साखळी आहे. ही आग वाहनाच्या वापरातूनच उद्भवली. तेव्हाचा वाद चूक सिद्ध न करता मिळणाऱ्या १५,००० रुपयांचा होता, पण त्यातून ठरलेलं तत्त्व आजही उपयोगी आहे. माहुल रोडवर टँकर कलंडला आणि तासाभराने शेजारच्या दुकानाला आग लागली, तर ‘आम्ही रस्त्यावर नव्हतोच’ म्हणून गप्प बसू नये. धोकादायक मालासाठी १९९१चा सार्वजनिक दायित्व विमा कायदाही आहे. त्याखाली मदतीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येतो.

गैरसमज ४ : लायसन्स किंवा परमिटमध्ये खोट निघाली की जखमीला काहीच मिळत नाही.

वस्तुस्थिती : कार आणि ट्रक यांच्या दाव्यांतला सगळ्यात मोठा फरक इथे दिसतो. ट्रकला परमिट लागतं. फिटनेस प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावं लागतं. धोकादायक माल नेणाऱ्या चालकाच्या लायसन्सवर प्रशिक्षणानंतरची खास नोंद लागते. यातला एखादा कागद नसला की विमा कंपनी म्हणते, पॉलिसीची अट मोडली, आम्ही देणं लागत नाही.

पण तो वाद कंपनी आणि गाडीमालक यांच्यातला आहे. स्वर्णसिंग खटल्यापासून (२००४) न्यायालयं अनेकदा असा आदेश देतात की कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. २०१८ साली अमृतपाल सिंग खटल्यात ट्रकला परमिटच नव्हतं. न्यायालयाने तो मूलभूत भंग मानला आणि तरीही दावेदारांना आधी पैसे मिळावेत हाच मार्ग ठेवला.

छोट्या टेम्पोंबद्दलचा घोळ ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मिटला. घटनापीठाने सांगितलं की साध्या हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला चालक एकूण ७,५०० किलोंपर्यंतचं मालवाहू वाहन चालवू शकतो. धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांच्या खास अटी मात्र कायम आहेत. भाजीचा टेम्पो आणि पेट्रोलचा टँकर यांना एकच नियम लावून चालणार नाही.

गैरसमज ५ : ट्रकचा विमा आहे, म्हणजे आत बसलेल्या सगळ्यांना संरक्षण आहे.

वस्तुस्थिती : ही समजूत सर्वांत जास्त घरं उघड्यावर आणते. कारमध्ये पाहुणा म्हणून बसलेल्याला पॅकेज पॉलिसी सहसा सामावून घेते. मालवाहू गाडीचं तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने आशा रानी खटल्यात (२००२) ठरवलं की मालवाहू वाहनातून फुकट किंवा भाडं देऊन जाणाऱ्या प्रवाशाची जबाबदारी सक्तीच्या विम्यावर येत नाही. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस मालासोबत असेल तर तो त्यात येतो. विसर्जनाला टेम्पोच्या हौद्यात चढलेली मुलं आणि लग्नाला ट्रकमधून निघालेलं वऱ्हाड त्यात येत नाही. काही खटल्यांत न्यायालयांनी कंपनीला आधी पैसे द्यायला सांगितलं आहे, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. मालकाकडे पैसे नसतील तर निकाल कागदावरच राहतो.

चालक आणि क्लीनर यांची गोष्ट निराळी. ते नोकर आहेत. कामावर असताना अपघात झाला तर १९२३च्या कायद्याने त्यांना मालकाकडून भरपाईचा हक्क दिला, आणि ती तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. तिथे मालकाची चूक दाखवावी लागत नाही. मोटार वाहन कायद्याखालचा दावा की हा, यातला एकच मार्ग निवडता येतो. या माणसांची कुटुंबं गावाकडे असतात, भाषा वेगळी असते, आणि ‘चूक चालकाचीच होती’ एवढं ऐकून ती परत जातात. त्यांना हा मार्ग सांगणं आपलं काम आहे.

गैरसमज ६ : ट्रक पळाला किंवा मालक बदलला, की दावा संपला.

वस्तुस्थिती : गाडी तोंडी तीनदा विकली गेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच जबाबदार, असं नवीनकुमार खटल्यात (२०१८) ठरलं आहे.

पळालेला ट्रक शोधायला कारपेक्षा जास्त धागे असतात. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ आहे, जड वाहनांना नाही. म्हणजे वाशीच्या खाडीपुलाकडून आलेल्या ट्रकची टोल नाक्यावर नोंद असते. मालाच्या ई-वे बिलावर गाडीचा नंबर असतो, वजनकाट्याच्या पावतीवर वेळ असते. तपास अधिकाऱ्याला हे सगळं लेखी अर्ज देऊन मागायला सांगता येतं. कॅमेऱ्यांचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून अर्ज लगेच द्यावा.

तरीही गाडी सापडली नाही, तर कलम १६१ खाली मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. हा अर्ज महसूल अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. चेंबूर मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कुर्ला तालुक्यात येतं.

गैरसमज ७ : बरं वाटू द्या, मग बघू. पोलीस सगळं पाठवतातच.

वस्तुस्थिती : २०२२च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. पण त्यात चालक किती तास सलग गाडी हाकत होता, टँकर किंवा डंपरला ताशी ६० किलोमीटरचा वेगनियंत्रक बसवलेला होता का, गाडीत परवानगीपेक्षा जास्त माल होता का, हे आपोआप येईलच असं नाही. कारच्या अपघातात हे प्रश्न सहसा उठत नाहीत. ट्रकच्या अपघातात निष्काळजीपणा नेमका इथेच सापडतो, आणि तो चालकापुरता न राहता मालकापर्यंत पोचतो.

दावा सहा महिन्यांत करावा, अशी तरतूद एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेशही झाला. तो अंतिम निकाल नाही. सहा महिन्यांच्या आतच अर्ज दाखल करावा. अपघात खोपोलीजवळ झाला आणि जखमी चेंबूरला राहत असेल, तर दावा मुंबईत करता येतो. कायदा दावेदाराच्या राहत्या ठिकाणी अर्ज करू देतो.

उपचारांसाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे. त्यात योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा खर्च मिळतो. घरातल्या एकाने जखमीजवळ थांबावं आणि दुसऱ्याने त्याच आठवड्यात कागद गोळा करावेत : एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत, गाडीचा नंबर, विमा, परमिट आणि फिटनेस, चालकाचं लायसन्स, रुग्णालयाचे सगळे कागद आणि कमाईचा पुरावा. ट्रकवाल्याकडे मालक, ट्रान्सपोर्टर, विमा कंपनी आणि त्यांचे वकील पहिल्या दिवसापासून कामाला लागतात. जखमीच्या बाजूनेही पहिल्या दिवसापासून कुणीतरी कामाला लागलं पाहिजे. इतकं केलं, तर कायद्याने दिलेला हक्क प्रत्यक्ष हातात पडण्याची शक्यता पुष्कळ वाढते.