जुना स्मार्टफोन राखावा की बदलावा?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला अथवा दिवाळी जवळ आली, म्हणजे पुष्कळ घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : घरातील स्मार्टफोन जुना झाला, आता नवा घ्यावयाचा काय? मुलांचे म्हणणे पडते की, तो फार मंद चालतो. वडिलांचे म्हणणे पडते की, बोलणे तर स्वच्छ ऐकू येते! दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. परंतु ‘जुना’ हा शब्द दोघे निरनिराळ्या अर्थांनी वापरतात, म्हणून वाद मिटत नाही. वस्तू जुनी होणे निराळे आणि निरुपयोगी होणे निराळे. हा भेद कसा ओळखावा, याचे थोडे विवेचन या लेखात करण्याचे योजिले आहे.

प्रथम हा प्रश्न किती वजनाचा आहे, ते पाहू. देऊळघाट व आसपासच्या गावांत बहुतेकांचा निर्वाह शेतीवर. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ५,३२८ रुपये ठरविला. त्या हिशेबाने सोळा हजारांचा फोन म्हणजे तीन क्विंटल सोयाबीन; आणि बाजारात भाव उतरला तर त्याहूनही अधिक. तेव्हा केवळ शेजाऱ्याने घेतला म्हणून आपण घ्यावा, इतकी ही गोष्ट हलकी नव्हे.

उलटपक्षी, फोन ही आता चैनीची वस्तूही राहिली नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे व नोंद करावयाची. यूपीआयची देवघेव २०१६ साली सुरू झाली, ती आज चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली आहे. नोंदीची मुदत संपत आली असता फोन ऐन वेळी बंद पडला, तर तो न बदलून वाचविलेले पैसे महागच पडले म्हणावयाचे. सारांश, घाईने बदलणे हा जसा अपव्यय, तसाच निकामी फोन हट्टाने वापरणे हाही अपव्ययच होय.

यास्तव निर्णय घेण्यापूर्वी फोनाची चार प्रकारे परीक्षा करावी.

पहिली परीक्षा बॅटरीची. फोनातील लिथियम-आयन बॅटरी ही रासायनिक वस्तू आहे, व प्रत्येक वापरागणिक ती किंचित झिजते. आज अर्धी व उद्या अर्धी वापरली, म्हणजे तिचा एक फेरा पुरा झाला. असे कित्येक शेकडो फेरे झाल्यावर तिच्यात पूर्वीइतकी वीज मावत नाही. उष्णतेने ही झीज वाढते. म्हणून वैशाखातील उन्हात मोटारसायकलीवर अथवा बांधावर फोन ठेवू नये. झिजलेल्या बॅटरीमुळे फोन मंदही होऊ शकतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. डिसेंबर २०१७ मध्ये अॅपल कंपनीने स्वतःच मान्य केले की, बॅटरी थकलेले काही जुने आयफोन अकस्मात बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग तिने मुद्दाम कमी केला होता. या गोष्टीचा मोठा गवगवा झाला, आणि कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणिला. नवी बॅटरी बसविताच त्या फोनांचा वेग परत आला! यातून घ्यावयाचा बोध असा की, सकाळी भरलेली बॅटरी दुपारीच संपत असेल, तर आधी बॅटरी बदलून पाहावी. मात्र बॅटरी फुगून फोनाचे पाठीचे झाकण वर आले असेल, तर तो त्याच क्षणी वापरावयाचा थांबवावा व दुरुस्ती करणाराकडे न्यावा. ती टोचू वा दाबू नये, कारण ती पेट घेण्याचा संभव असतो.

दुसरी परीक्षा साठवणीच्या जागेची. धान्याने कणगी गळ्यापर्यंत भरली, म्हणजे आत हात घालावयासही वाव राहत नाही. फोनाचेही तसेच आहे. सुप्रभाताची चित्रे, लग्नांचे व्हिडिओ व कधी न उघडलेली अॅपे यांनी जागा भरून गेली की, उत्तम फोनही अडखळू लागतो. जपून ठेवण्याजोगी छायाचित्रे अन्यत्र उतरवून घ्यावी व बाकीचा पसारा काढून टाकावा. यास एक पैसाही लागत नाही.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि ती डोळ्यांस दिसत नाही. ती म्हणजे सुरक्षेच्या अपडेटांची. फोन चालविणाऱ्या प्रणालीत वेळोवेळी काही छिद्रे सापडतात व कंपनी ती बुजवून देते. कंपनीने हे काम थांबविले, म्हणजे पुढे सापडणारी छिद्रे उघडीच राहतात, आणि चोरास तेवढे पुरते. सेटिंग्जमध्ये फोनाची माहिती पाहिली असता शेवटच्या सुरक्षा-अपडेटची तारीख आढळते. ती कित्येक वर्षांपूर्वीची असेल, तर त्या फोनावर बँकेचे व्यवहार करू नयेत. पुढे पुढे अॅपेही साथ सोडतात. २०२५ च्या आरंभी व्हॉट्सअॅपने २०१३ सालच्या अँड्रॉइड किटकॅट प्रणालीवर चालणे बंद केले. नवा फोन घेतानाही ‘कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?’ या प्रश्नाआधी ‘अपडेट किती वर्षे मिळणार?’ असे विचारावे. गूगलने २०२३ साली पिक्सेल ८ ला व सॅमसंगने २०२४ साली गॅलॅक्सी एस २४ ला सात वर्षांचे वचन दिले. स्वस्त फोनांस बहुधा याहून पुष्कळ कमी वर्षे मिळतात.

चौथी परीक्षा गरजेची. भारतात ५-जी सेवेस १ ऑक्टोबर २०२२ रोजी आरंभ झाला. परंतु त्यामुळे ४-जी फोन बाद झाले नाहीत. बोलणे, पैसे पाठविणे, धडा ऐकणे व पिकाची नोंद करणे, एवढी कामे ४-जी वर होतात. आपल्या शिवारात ५-जी नीट मिळत नसेल, तर त्याकरिता जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. घरात फोन कोणकोणत्या कामास लागतो, याची यादी कागदावर करावी व आजच्या फोनाने त्यांतील कोणते काम होत नाही, तेवढ्यावरच खूण करावी. यादीत एकही खूण नसेल, तर उत्तर मिळालेच!

आता थोडे गणित. सोळा हजारांचा फोन दोन वर्षे वापरला, तर वर्षास आठ हजार पडले. चार वर्षे वापरला, तर चार हजार. समजा, दीड हजारांच्या बॅटरीने जुना फोन दोन वर्षे अधिक चालला, तर त्या दोन वर्षांचा खर्च वर्षास साडेसातशेच. परंतु अपडेट बंद, पडदा फुटलेला व बॅटरी थकलेली, अशी तिन्ही दुखणी एकदम असतील, तर दुरुस्तीच्या नादी न लागता फोन बदलणेच शहाणपणाचे.

कोणी वापरलेला फोन विकत घेणार असेल, तर त्याने तो चोरीचा नाही ना, हे अवश्य पाहावे. *#०६# हे दाबले असता पंधरा आकड्यांचा आयएमईआय क्रमांक दिसतो. संदेशात के, वाय, एम ही इंग्रजी अक्षरे व जागा सोडून तो क्रमांक लिहून १४४२२ वर पाठविला, म्हणजे त्या फोनाची माहिती मिळते. आपला फोन दुसऱ्यास देताना त्यातील खाती काढून सर्व माहिती पुसावी. अगदीच निकामी झालेला फोन उकिरड्यावर टाकू नये अथवा जाळू नये. २०२२ साली जगात सहा कोटी वीस लक्ष टन विद्युत-कचरा निर्माण झाला, आणि त्यातील सुमारे २२ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. आपला फोन अधिकृत संकलन केंद्रात दिला, तर त्यातील तांबे व सोने पुनः उपयोगी पडते.

विद्यार्थिमित्रहो, घरी नवा फोन मागण्यापूर्वी या चार परीक्षा तुम्ही स्वतः करा व निष्कर्ष कागदावर लिहून वडिलांपुढे ठेवा. आणि पालकांस विनंती की, तो कागद लक्षपूर्वक वाचावा. मुलाचे म्हणणे हिशेबाने खरे ठरले, तर केवळ बोलणे ऐकू येते एवढ्यावरून ते नाकारू नये.