यंत्रनिर्मित आकृती आणि डिझाइनकाराची व्यक्तिबोली

एकच भाषा बोलणाऱ्या दोन व्यक्तींची बोलण्याची ढब सर्वस्वी सारखी कधीच नसते. या व्यक्तिविशिष्ट भाषारूपास भाषाशास्त्रात व्यक्तिबोली म्हणतात. रूढ भाषेने पुढे ठेवलेल्या पर्यायांतून बोलणारा सातत्याने जी निवड करतो, तीतून ती घडते. सर्जक कृत्रिम बुद्धिमत्तेने डिझाइनच्या शिक्षणात जो प्रश्न उभा केला आहे, त्याचा विचार या संकल्पनेच्या आधारे करणे उपयुक्त ठरेल.

कमल शेडगे (1935–2020) यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांसाठी रेखाटलेली अक्षरे पाहावीत. वर्णमाला तीच, परंतु शिरोरेघ कोठे तोडावी, वेलांटी किती ओढावी, हे नाटकाच्या प्रकृतीवरून ठरलेले दिसते. शीर्षके परस्परांहून भिन्न असूनही त्यांमागील हात ओळखू येतो, तो या निवडींमुळे.

चित्रे घडविणारे यंत्र असंख्य चित्रे व त्यांची वर्णने यांतील संबंध शिकलेले असते. विस्कळीत ठिपक्यांपासून आरंभ करून ते पायरीपायरीने दिलेल्या वर्णनाशी जुळणाऱ्या आकृतीकडे येते. त्याची निवड हेतूने नव्हे, संभाव्यतेने होते. 2022–23 च्या सुमारास ही यंत्रे देवनागरी जोडाक्षरांची मोडतोड करीत, व त्यावरून पुष्कळ थट्टा झाली. तो दोष आता बराच कमी झाला आहे; म्हणून आक्षेप त्यावर आधारणे शहाणपणाचे नाही. शिरोरेघ तेथेच का तोडली, या प्रश्नाला चित्र सादर करणाऱ्या विद्यार्थ्यापाशी उत्तर नसते, ही खरी अडचण होय.

2024 साली दोशी व हाउझर यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उद्बोधक आहे. यंत्राने सुचविलेल्या कल्पना घेऊन लिहिलेल्या लघुकथा सुट्या वाचल्या असता सरस ठरल्या. दुर्बल लेखकांस तर विशेष लाभ झाला. परंतु त्या कथा एकमेकींसारख्या अधिक होत्या. एका वेळी एकच कृती तपासणाऱ्या परीक्षकाच्या हे साम्य लक्षात येणे कठीण.

यावर कोणी म्हणेल की, आपल्या नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या पैठणीवरही मोर, मुनिया, कमळ पिढ्यानपिढ्या तेच येतात; मग यंत्राच्या पुनरावृत्तीनेच काय बिघडते? आक्षेप रास्त आहे. तथापि मोराच्या मानेची वक्ररेषा विणकराला धागे मोजून, रंगीत धागे परस्परांत गुंतवून मागावर बसवावी लागते. आकृती रूढ असली तरी ती सिद्ध करताना ठायी ठायी निर्णय घ्यावा लागतो, आणि हात तयार होतो तो त्या निर्णयांनी.

यंत्रावर बंदी घालणे मला निरर्थक वाटते. ती पाळली जाणार नाही. मात्र गुण केवळ अंतिम चित्रास देण्याची पद्धत सोडावी लागेल. विद्यार्थ्याने ‘त्र्यंबक’ हा शब्द प्रथम हाताने निदान तीन प्रकारे लिहावा. ‘त्र्यं’मध्ये त, र, य आणि अनुस्वार यांची मांडणी कशी केली, दोन प्रकार का टाकले, हे तोंडी सांगावे. त्यानंतर यंत्राकडून तोच शब्द काढून घ्यावा आणि त्याची आकृती आपल्या टाकलेल्या प्रकारांपैकी कोणाच्या जवळ जाते, ते वर्गापुढे दाखवावे.