नारूचा शेवट

मुलांनो, आज वाघ-सिंहाची गोष्ट नको. आज एका अशा प्राण्याची गोष्ट सांगतो, की त्याच्यापुढे वाघ परवडला. वाघ निदान दिसतो. हा वर्षभर माणसाच्या अंगात राहतो, वाढतो, आणि त्या माणसाला पत्ताच नसतो. त्याचं नाव नारू. तुमच्या आईबाबांनी तो पाहिला नसेल. पण महाराष्ट्रात जुन्या बारवेचं पाणी पिऊन वाढलेली म्हातारी माणसं भेटली तर विचारा. एखादे आजोबा घोट्यावरचा व्रण काढून दाखवतील.

नारू म्हणजे कृमी. मादी शेवईएवढी जाड आणि दोन-तीन फूट लांब. अगं, नाक मुरडू नकोस, खरी गंमत पुढे आहे. एवढा लांब प्राणी अंगात शिरतो कुठून? तोंडातून, पाण्याच्या घोटाबरोबर. आणि येतो तो दुसऱ्याच्या पोटात बसून.

हा काचेचा पेला उजेडात धरा बरं. आपल्या जांभूळ गावातल्या डबक्यातलंच पाणी आहे. नुसतं बघाल तर स्वच्छ वाटेल. आता भिंगातून बघा. पांढुरके ठिपके हिसके देत पळताहेत ना? एक हिसका, मग क्षणभर थांबणं, पुन्हा हिसका. हा सायक्लॉप्स. जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, पण कोळंबी आणि जवळा यांचा भाऊबंद. त्याला डोळा एकच, कपाळाच्या मधोमध. ती बघा मादी! शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लटकवून चालली आहे. घाबरू नका, या सायक्लॉप्समध्ये नारू नाही. आपल्या देशात तो कुठेच उरलेला नाही.

जिथे नारू असतो तिथे त्याची पिल्लं पाण्यात सुटतात. दोन-चार दिवसांत एखाद्या सायक्लॉप्सने त्यांना गिळलं तर ती वाचतात, नाहीतर मरतात. गिळली गेली की त्याच्या पोटात ती दोन आठवडे वाढतात. इतकी वाढतात की बिचारा सायक्लॉप्स सुस्त होऊन तळाशी जातो. उन्हाळ्यात तळं आटलं की भांड्यात तळाचंच पाणी येतं. माणूस ते पितो. पोटातल्या आम्लात सायक्लॉप्स विरघळतो आणि पिल्लं मोकळी होतात. आतड्याची भिंत भेदून ती शरीरात शिरतात. नर-मादीची जोडी जमते, पुढे नर मरतो. मादी वाढत वाढत कातडीखालून खाली सरकते, बहुतेक वेळा थेट पायापर्यंत.

पायच का? कारण पाय पाण्यात जातात. वर्ष भरत आलं की मादी तिथे फोड आणते, आणि तो निखारा ठेवल्यासारखा जळतो. माणूस तळमळतो आणि जवळच्या तळ्यात किंवा बारवेच्या पायरीवर पाय बुडवतो. पाणी लागलं की फोड फुटतो, मादी तोंड बाहेर काढते आणि लाखो पिल्लं पाण्यात सोडते. म्हणजे माणसाच्या कळवळण्यावरच तिचा संसार चालतो! एवढीशी मज्जासंस्था असलेल्या किड्याने हे कुठे ठरवलं असेल? कुणी ठरवलेलं नाही. ज्यांची पिल्लं पाण्यापर्यंत पोचली त्यांचा वंश राहिला, बाकीच्यांचा संपला. हजारो वर्षं ही निवड चालू होती.

त्याला बाहेर काढायची पद्धतही तेवढीच जुनी. बाहेर आलेलं टोक बारीक काडीला गुंडाळायचं आणि रोज दोन-चार सेंटिमीटर हळूहळू ओढायचं. घाई केली आणि तुटला, तर पाय सुजतो, पिकतो, कधी सांधा कायमचा आखडतो. म्हणून माणूस कित्येक आठवडे घरी. नेमका पेरणी-कापणीच्या दिवसांत! आफ्रिकेतल्या माली देशातले डोगोन लोक याला रिकाम्या कणगीचा आजार म्हणतात.

या आजारावर लस नाही आणि नारूला मारणारं औषधही नाही. मग आपल्याकडून तो गेला कसा?

1870 साली फेडचेन्को नावाच्या रशियन संशोधकाने सायक्लॉप्सच्या पोटात नारूची पिल्लं पाहिली, आणि शत्रूची दुखरी नस सापडली. पाण्यातला सायक्लॉप्स माणसाच्या तोंडात गेला नाही, तर नारूचा वंश बुडतो. भारताने 1983-84 मध्ये राष्ट्रीय मोहीम काढली तेव्हा देशात सुमारे 40 हजार रुग्ण होते. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, आंध्र, कर्नाटक, आणि आपला महाराष्ट्रही. आरोग्य कर्मचारी गावोगाव फिरले. पाण्यात उतरावं लागू नये म्हणून पायऱ्यांच्या विहिरींना काठ बांधून रहाट बसवले, हातपंप लावले, तळ्यांत सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकलं, आणि घरोघरी सांगितलं, पाणी गाळून प्या. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

आफ्रिकेतली लढाई याहून मोठी. 1986 मध्ये आफ्रिका-आशियात मिळून 35 लाख लोकांना नारू होत असावा असा अंदाज होता. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1988 मध्ये घानातल्या खेड्यात नारूचे रुग्ण डोळ्यांनी पाहिले आणि उरलेलं आयुष्य या कामाला लावलं. सुदानमध्ये यादवी पेटली होती. 1995 मध्ये त्यांनी दोन्ही बाजूंना बंदुका खाली ठेवायला लावल्या, तेव्हा जवळपास सहा महिने आरोग्यसेवकांना गावांपर्यंत पोचता आलं. एका कृमीसाठी युद्ध थांबल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

पण माझ्या मते खरे वीर गावातले स्वयंसेवक. कुणी शेतकरी, कुणी गुराखी, घानात तर रेडक्रॉसच्या शेकडो बाया. रोज घराघरात डोकवायचं, कुणाला फोड आलाय का विचारायचं, जखम धुऊन पट्टी बांधायची, रुग्णाला तळ्यापासून लांब ठेवायचं, गाळणीचं कापड फाटलं असेल तर नवं द्यायचं. आणि कापड कसं धरायचं ते दहादा सांगायचं. रोज तीच बाजू वर हवी. उलटं धरलं तर कालचे अडकलेले सायक्लॉप्स आज थेट हंड्यात! गुराख्यांच्या गळ्यात दोरीने अडकवलेली नळी असते, तिच्या आत जाळी. ती तोंडात धरून थेट तळ्यातलं पाणी ओढायचं.

हे काम धाकाने होत नाही. ज्या दारात उद्या पुन्हा जायचंय, तिथे आज भीती घालून काय मिळणार? म्हणून तिथे हाच पेल्याचा खेळ करतात. तळ्याचं पाणी बाटलीत घेऊन उन्हात धरायचं. आमचं तळं पूर्वजांचं, त्याचं पाणी शुद्धच, असं सांगणारे म्हातारेही डोळे बारीक करून बघतात. हिसके देणारे ठिपके दिसले की आधी ईऽऽ होतं, मग हशा पिकतो. त्या हशातच अर्धं काम होतं. माणूस ज्याला हसला, त्याला तो भीत नाही, आणि त्याची गोष्ट घरी जाऊन दुसऱ्याला सांगतो. बाहेरून गेलेल्या तरुण स्वयंसेवकांचंही तसंच. परकी भाषा बोलताना चुकणारच, लोक हसणारच. जो त्यांच्याबरोबर हसला तो त्या गावचा झाला.

मग नारूने नवी खोडी काढली. 2012 पासून चाड देशात तो कुत्र्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर सापडू लागला. आता स्वयंसेवकांना कुत्र्यांचीही हजेरी घ्यावी लागते. नारू झालेलं कुत्रं बांधून ठेवायचं, पाण्याकडे सोडायचं नाही, आणि त्यांनी खाऊ नयेत म्हणून माशांची आतडी पुरायची. मोकळं हिंडणाऱ्या कुत्र्याला कित्येक दिवस बांधून ठेवायचं म्हणजे काय हे ज्याने घरी कुत्रं पाळलंय त्याला विचारा. तरी ते करतात, हसत करतात.

गावचं आरोग्य गावातलीच माणसं सांभाळू शकतात, हे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 च्या दशकातच ओळखलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या खेड्यातल्या बायांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. त्या बायांनी गावं बदलली, आणि पुढे आफ्रिकेतले कार्यकर्ते शिकायला जामखेडला येऊ लागले.

आता आपल्या दारचं बघा. बारवी धरणाचं पाणी नदीवाटे येतं, आपल्या जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात गाळलं जातं आणि अंबरनाथ, डोंबिवली, ठाण्याकडे जातं. लाखो माणसांचं पाणी आपल्या गावात गाळलं जातं, हे शाळेत ताठ मानेने सांगा. केंद्राची नळवाहिनी जिथे पोचत नाही अशा गावात जलसुरक्षक विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतुनाशक पावडर, टाकतो. आशाताई पाणी शुद्ध करणाऱ्या मेडिक्लोरची बाटली घेऊन दारात येते. तिला उन्हात उभं करू नका, बसायला द्या, आणि ती सांगेल तेवढे थेंब मोजून टाका.

कार्टर डिसेंबर 2024 मध्ये शंभराव्या वर्षी वारले. नारू आपल्या आधी संपावा अशी त्यांची इच्छा होती. ती थोडक्यात राहिली. त्या वर्षी साऱ्या जगात नारूचे रुग्ण होते 15.