राखेतून उठलेला राक्षस : १९५४ चा ‘गॉडझिला’ कसा घडला

चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात समुद्र शांत आहे. ‘एइको मारू’ या मालवाहू जहाजाच्या डेकवर खलाशी काम आटोपून गाण्या-बजावण्यात रमले आहेत. अचानक पाण्यातून डोळे दिपवणारा प्रकाश उसळतो, जहाज पेट घेते आणि मदतीचा संदेश पाठवणारा रेडिओचालक लोंढ्याखाली नाहीसा होतो. राक्षस अद्याप दिसलेलाही नाही. तरीही ३ नोव्हेंबर १९५४ रोजी जपानच्या चित्रपटगृहांत बसलेल्या प्रेक्षकांना हा प्रकाश कशाचा, हे कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. तो त्यांनी त्याच वर्षी वृत्तपत्रांतून वाचला होता.

‘गोजिरा’ हे या चित्रपटाचे मूळ जपानी नाव. जगाला तो ‘गॉडझिला’ म्हणून परिचित आहे. गोरिला आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा, या दोन शब्दांच्या संयोगातून हे नाव बनले. पुढे खेळणी, व्यंगचित्रे आणि डझनावारी चित्रपटांमुळे या राक्षसाभोवती बालिश गमतीचे वलय निर्माण झाले. मूळ चित्रपटात मात्र गंमत जवळजवळ नाही. ९६ मिनिटांच्या या कृष्णधवल चित्रपटाचा खरा विषय आहे, नऊ वर्षांपूर्वी संपलेले युद्ध आणि अजून न संपलेले भय.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी या प्रवाळबेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोटाची शक्ती १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे हजारपट आणि शास्त्रज्ञांनी बांधलेल्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक निघाली. अमेरिकेने आखून दिलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही ट्यूना मासे पकडणारी लाकडी नौका त्या वेळी मासेमारी करत होती. तिच्या नावाचा अर्थ ‘भाग्यवान ड्रॅगन क्रमांक ५’. पश्चिमेकडे पहाटेपूर्वीच उजाडले आणि काही तासांनी आकाशातून पांढरी भुकटी पडू लागली. ते चूर्ण झालेले प्रवाळ होते, किरणोत्सर्गाने भारलेले. १४ मार्च रोजी नौका याइझू बंदरात परतली तेव्हा तिच्यावरील २३ जणांच्या त्वचेवर भाजल्याच्या खुणा होत्या. जपानी वृत्तपत्रांनी त्या भुकटीला ‘मृत्यूची राख’ असे नाव दिले.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत जपानचे दैनंदिन जीवन ढवळून निघाले. बाजारात आलेले मासे किरणोत्सर्गमापकाने तपासले जाऊ लागले, शेकडो टन ट्यूना नष्ट करण्यात आला आणि पावसाचीही भीती वाटू लागली. टोकियोच्या सुगिनामी भागातील गृहिणींनी सुरू केलेल्या अण्वस्त्रविरोधी मोहिमेत पुढील वर्षापर्यंत तीन कोटींहून अधिक स्वाक्षऱ्या जमल्या. या घटनेचे पडसाद भारतातही उमटले. २ एप्रिल १९५४ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी लोकसभेत अणुचाचण्या स्थगित ठेवण्याचा करार व्हावा, अशी मागणी केली.

‘तोहो’ या चित्रसंस्थेतील निर्माते तोमोयुकी तानाका त्या सुमारास एका वेगळ्याच अडचणीत होते. इंडोनेशियाच्या सहकार्याने काढावयाचा त्यांचा महत्त्वाकांक्षी चित्रपट दोन देशांतील तणावामुळे ऐनवेळी बारगळला होता आणि वर्षअखेरच्या वेळापत्रकातील त्या रिकाम्या जागेसाठी काहीतरी हवे होते. परतीच्या विमानप्रवासात खालचा समुद्र न्याहाळताना, चाचणीने जागा झालेला एखादा महाकाय प्राणी त्यातून वर आला तर, ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. कल्पना पूर्णपणे नवी होती, असे म्हणता येत नाही. ‘द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउजंड फॅदम्स’ या १९५३ च्या अमेरिकी चित्रपटातही अणुस्फोटाने जागा झालेला प्राणी न्यूयॉर्कवर चालून येतो. फरक होता तो सांगणाऱ्याच्या जागेत. अमेरिकी चित्रपटातील प्राण्याचा अखेर किरणोत्सर्गी अस्त्रानेच नि:पात होतो. जपानमध्ये असा शेवट लिहिणे कोणाला शक्य नव्हते.

विज्ञानकथा व रहस्यकथा लिहिणारे शिगेरू कायामा यांच्याकडून मूळ कथा लिहून घेण्यात आली. ताकेओ मुराता आणि दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी तिचे पटकथेत रूपांतर केले. होंडा हे अकिरा कुरोसावा यांचे जिवलग मित्र. ऐन उमेदीची वर्षे त्यांनी सैन्यात, चीनमध्ये काढली होती. १९४६ साली मायदेशी परतताना त्यांनी उद्ध्वस्त हिरोशिमा पाहिले होते. डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणोत्सर्गाला दृश्य रूप द्यावयाचे, हा आपला हेतू होता, असे त्यांनी नंतर सांगितले. अमेरिकी ताबा १९५२ मध्ये संपेपर्यंत अणुबॉम्बच्या परिणामांविषयी मोकळेपणाने लिहिण्या-दाखवण्यावर जपानमध्ये निर्बंध होते, ही गोष्ट लक्षात घेतली की या हेतूचे मोल कळते.

राक्षस पडद्यावर आणण्याचे काम एइजी त्सुबुराया यांच्याकडे आले. युद्धकाळात पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या प्रचारपटासाठी त्यांनी लघुप्रतिकृतींच्या साहाय्याने उभारलेली दृश्ये गाजली होती. १९३३ चा ‘किंग काँग’ हा त्यांचा आदर्श. त्यातील गोरिला एक लहान बाहुली होती. तिला किंचित हलवून एकेक चित्र घेत हालचालीचा आभास निर्माण केला होता. त्सुबुराया यांनाही तेच तंत्र हवे होते, परंतु तसे केल्यास सात वर्षे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. हाती तर काही महिनेच होते. त्यामुळे एका माणसाला रबरी पोशाख चढवून छोट्या शहरात सोडावे, असे ठरले. नाइलाजाने स्वीकारलेली ही युक्ती पुढे जपानी चित्रपटांची ओळख ठरली.

पोशाखाचा सांगाडा बांबू व तारेचा होता. त्यावर जाळी, भराव आणि लेटेक्सचे थर. पहिला पोशाख सुमारे १०० किलो वजनाचा आणि इतका ताठर झाला की त्यात चालणेच अशक्य ठरले. तो कापून त्याचे भाग पायांच्या व वरच्या अंगाच्या स्वतंत्र दृश्यांसाठी वापरण्यात आले, आणि दुसरा पोशाख तयार झाला. तोही हलका नव्हता. त्याच्या खडबडीत, गाठाळ कातडीत अनेकांना अणुस्फोटातून बचावलेल्यांच्या अंगावरील जाड व्रण दिसतात.

पोशाखात प्रामुख्याने होते हारुओ नाकाजिमा. त्याच वर्षी आलेल्या कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराई’मध्ये त्यांनी छोटी भूमिका केली होती. भारी देहाचे प्राणी पाऊल कसे टाकतात, हे पाहण्यासाठी ते टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलांचे निरीक्षण करीत. दिव्यांच्या उष्णतेत पोशाखाच्या आत काही मिनिटांहून अधिक काळ थांबणे कठीण होई. ते अनेकदा बेशुद्ध पडले.

दिव्यांची ही उष्णता टाळताही येत नव्हती आणि तिचे कारण थेट भौतिकशास्त्रात आहे. चित्रपटातील गॉडझिला ५० मीटर उंच मानला आहे, तर प्रतिकृती एकास पंचवीस या प्रमाणात, म्हणजे राक्षस अवघा दोन मीटरचा. ५० मीटर उंचीवरून सुटलेला दगड जमिनीवर यायला तीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. दोन मीटरवरून मात्र तो पाऊण सेकंदाच्या आत पडतो. त्यामुळे नेहमीच्या वेगाने चित्रित केलेली इमारत पत्त्यांच्या घरासारखी झटकन कोसळते आणि खेळणे म्हणून लगेच ओळखू येते. उपाय एकच. कॅमेरा कितीतरी अधिक वेगाने चालवावयाचा आणि ती फिल्म पडद्यावर नेहमीच्या गतीने दाखवावयाची. भिंती मग सावकाश ढासळतात, पाऊल जड पडते. परंतु कॅमेरा वेगाने चालला की प्रत्येक चित्राला मिळणारा प्रकाश कमी होतो, आणि तो भरून काढण्यासाठी प्रखर दिव्यांच्या रांगा लावाव्या लागतात. पडद्यावरील राक्षसाचे वजन असे नाकाजिमा यांच्या घामातून आले होते.

शहराची उभारणीही तितक्याच चिकाटीची. गिंझा भागातील घड्याळाचा मनोरा, दुकाने, पूल आणि संसद भवन यांच्या प्रतिकृती बनवण्यात आल्या. इमारती नेमक्या हव्या त्या ठिकाणी फुटाव्यात म्हणून त्यांना आधीच चिरा पाडून ठेवलेल्या असत. विजेचे मनोरे राक्षसाच्या श्वासाने वितळतात, त्यांतील वितळणारे मनोरे मेणाचे होते. गिंझातील एका दुकानाच्या छतावर उभे राहून कोणती इमारत कधी पाडावयाची, याची चर्चा चित्रपटाच्या चमूने केली तेव्हा घातपाताच्या संशयावरून त्यांना हटकण्यात आले, असा किस्सा सांगितला जातो. प्रमुख चित्रीकरण ५१ दिवसांत आटोपले. विशेष दृश्यांना मात्र ७१ दिवस लागले.

राक्षसाला आवाज मिळाला तो संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्यामुळे. प्राण्यांचे आवाज वापरून पाहिले, पण ते ओळखीचे वाटत. अखेर काँट्राबास या मोठ्या तंतुवाद्याच्या तारा सैल करून, राळ लावलेल्या चामडी हातमोज्याने त्या ओढण्यात आल्या आणि ध्वनिमुद्रणाची गती बदलण्यात आली. गर्जना आणि आक्रोश यांच्या सीमेवरचा तो ध्वनी आजही कायम आहे. इफुकुबे यांना किरणोत्सर्गाची ओळख पुस्तकातून झालेली नव्हती. युद्धकाळात लष्करासाठी लाकडावर संशोधन करताना, पुरेशा संरक्षणाविना क्ष-किरण हाताळल्याने ते स्वतः आजारी पडले होते.

हे सारे तंत्र ज्या कथेसाठी राबवले, ती राक्षसापेक्षा माणसांकडे अधिक पाहते. संसदेच्या समितीत एक सदस्य आग्रह धरतो की, गॉडझिलाचा संबंध अणुचाचण्यांशी असल्याचे जाहीर करू नये, कारण परराष्ट्र संबंध बिघडतील. समोरच्या महिला सदस्य सत्य सांगा म्हणून संतापाने उठतात. लोकलमधून जाणारी एक तरुणी वैतागून म्हणते की, नागासाकीतून वाचले ते यासाठी का. राजधानी जळत असताना एक माता मुलांना कवटाळून बसली आहे. आता लवकरच बाबांकडे जाऊ, असे ती त्यांना सांगते. दुसऱ्या दिवशीच्या रुग्णालयात जमिनीवर ओळीने जखमी पडले आहेत आणि एका लहान मुलीजवळ धरलेला मापक टकटक करू लागतो. तिथे कोणी काही बोलत नाही. १० मार्च १९४५ च्या एका रात्रीत हवाई बॉम्बफेकीने टोकियोतील सुमारे एक लाख माणसे मारली होती. प्रेक्षागृहातील अनेकांनी असे रुग्णालय प्रत्यक्ष पाहिले होते.

चित्रीकरण चालू असतानाच, २३ सप्टेंबर रोजी, ‘भाग्यवान ड्रॅगन’चे मुख्य रेडिओचालक आइकिची कुबोयामा यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय ४० होते. सहा आठवड्यांनी प्रदर्शित झालेल्या चित्रपटात प्रेक्षकांनी पाहिलेला पहिला मृत्यू एका जहाजावरील रेडिओचालकाचा होता. ताज्या जखमेचा बाजार मांडला, असा आक्षेप जपानी समीक्षकांपैकी काहींनी घेतला. तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. ‘तोहो’ला धंदा हवा होता आणि तो मिळालाही, सुमारे ९६ लाख तिकिटे विकली गेली. परंतु निव्वळ धंद्यासाठी काढलेल्या भयपटात शेवटचा विजय एवढा उदास नसतो.

त्या शेवटाला कारण आहे शास्त्रज्ञ सेरिझावा. युद्धात एक डोळा गमावलेल्या या माणसाच्या हाती पाण्यातील प्राणवायू नष्ट करणारे अस्त्र लागले आहे. गॉडझिलाला तेच मारू शकते, पण एकदा वापरले की जगातील सत्ता ते बळकावतील, या भीतीने तो ते लपवून ठेवतो. अखेर सर्व कागदपत्रे जाळून तो समुद्रतळाशी उतरतो, अस्त्र वापरतो आणि ते ज्ञान कोणाच्या हाती पडू नये म्हणून स्वतःही वर येत नाही. ताकाशी शिमुरा यांनी साकारलेले वृद्ध पुराजीवशास्त्रज्ञ यामाने यांना आनंद होत नाही. चाचण्या अशाच चालू राहिल्या तर दुसरा गॉडझिला येईल, एवढेच ते पुटपुटतात.

जगाने मात्र हा चित्रपट या रूपात पाहिला नाही. १९५६ साली अमेरिकेत ‘गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!’ या नावाने तो आला तेव्हा त्याची बरीच काटछाट झाली होती. अभिनेते रेमंड बर यांची अमेरिकी वार्ताहराच्या भूमिकेतील दृश्ये नव्याने चित्रित करून मध्ये जोडण्यात आली. नागासाकीचा उल्लेख गेला, संसदेतील वाद गेला, यामाने यांचा शेवटचा इशाराही गेला. उरला एक भव्य राक्षसपट. मूळ जपानी आवृत्ती अमेरिकेतील चित्रपटगृहांत रीतसर झळकायला २००४ साल उजाडले. दरम्यान जपानमध्येही गॉडझिला मवाळ होत गेला. १९६० आणि १९७० च्या दशकांत तो इतर राक्षसांशी झुंजणारा मुलांचा लाडका नायक बनला. २०२३ च्या ‘गॉडझिला मायनस वन’ने त्याला पुन्हा युद्धोत्तर जपानमध्ये नेले. या चित्रपटाला २०२४ मध्ये दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळाले, या मालिकेला मिळालेले पहिलेच.

‘भाग्यवान ड्रॅगन’ ही नौका किरणोत्सर्ग ओसरल्यावर नाव बदलून काही वर्षे मत्स्यविद्यापीठाच्या प्रशिक्षणासाठी वापरली गेली. नंतर भंगारात निघालेली ही नौका टोकियोच्या किनाऱ्यावरील कचऱ्याच्या भरावाजवळ बेवारस पडली असताना नागरिकांनी ती ओळखली आणि तिच्या जतनासाठी चळवळ उभारली. १९७६ पासून ती टोकियोतील युमेनोशिमा उद्यानातील एका प्रदर्शनगृहात आहे. नौका सुमारे ३० मीटर लांब आहे, म्हणजे पडद्यावरील गॉडझिलाच्या उंचीहून बरीच लहान.