घरच्या संगणकात पाहुणा संगणक

कलबुरगी जिल्ह्यातील करजगीसारख्या सीमेवरील गावी घरात संगणक असला, तर तो बहुधा एकच असावयाचा. दुकानाचा हिशेब त्यावर, मुलीचा अभ्यास त्यावर, जमिनीच्या कागदांच्या प्रतीही त्यावरच. त्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवून पाहण्याची हौस मुलीस असली, तरी वडील हात लावू देणार नाहीत. आणि त्यांचे काही चुकते असेही नाही. या पेचातून वाट काढते ती व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे आभासी यंत्राची युक्ती.

युक्ती जुनीच आहे. १९६७ च्या सुमारास आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज केंद्रात एकाच मोठ्या संगणकावर अनेक आभासी संगणक चालविले जात होते. घरच्या यंत्रावर तेच काम व्हर्च्युअलबॉक्स हा विनामूल्य प्रोग्राम करतो. मेमरी ८ गिगाबाइट असेल, तर तीतील २ पाहुण्यास द्यावी आणि २० गिगाबाइटची आभासी डिस्क आखून द्यावी.

सिस्टिम म्हणून डेबियन घेऊ. तिची छोटी आयएसओ फाइल काही शे मेगाबाइटांची असते, परंतु उरलेला माल ती बसविताना इंटरनेटवरून मागविते. जेथे नेटवर्क मधेच जाते, तेथे मोठी डीव्हीडी फाइल शहरातून पेनड्राइव्हवर आणलेली बरी. आरंभीच भाषा विचारली जाते. त्या यादीत मराठी आहे, कन्नडही आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तर देवनागरी क आणि कन्नड क एकाच कळीवर येतात. सीमेवरच्या मुलांना ही केवढी सोय!

पुढे मात्र एक प्रश्न येतो व भल्याभल्यांचा हात थबकतो: डिस्कवरील सर्व मजकूर पुसला जाईल, चालेल काय? येथे बिचकू नये. पाहुण्या यंत्रास दिसते ती डिस्क म्हणजे मूळ संगणकावरील केवळ एक फाइल होय. पुसले जाते ते तिच्या पोटातले, आणि तेथे अद्याप काहीच नसते. हाच प्रश्न मूळ यंत्रावर थेट विचारला गेला असता, तर हिशेब आणि कागद दोन्ही गेले असते. म्हणून होकार देण्यापूर्वी आपण व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतच आहोत ना, एवढे पाहावे.

काम संपल्यावर आयएसओ काढून घ्यावी. नाहीतर बसविण्याचा पहिला पडदा पुन्हा पुढे येण्याचा संभव असतो. मग स्नॅपशॉट घेऊन ठेवावा, म्हणजे काही बिघडल्यास त्या स्थितीला परत येता येते. दुकानाचा फोल्डर मात्र पाहुण्या यंत्राशी सामायिक करू नये. तो केल्यास मधली भिंत तेवढ्यापुरती उघडी पडते.