औषधांची वही

वडील वारल्यानंतर त्यांच्या ट्रंकेत आम्हांस एक वही सापडली. दूध, वाणी, वीज, साऱ्याचा पैपैचा हिशेब. त्यात रक्तदाबाच्या तीस गोळ्या दर दोन महिन्यांनी आणलेल्या दिसल्या. डॉक्टरांनी तर रोज एक सांगितली होती. मग उलगडा झाला. पेन्शन पुरावी, मुलांपुढे हात पसरावा लागू नये, म्हणून ते एक दिवसाआड गोळी घेत होते. आम्ही त्याच घरात राहत होतो. आम्हांस पत्ताही नव्हता.

आणखी तीन वर्षांनी, ६२ व्या वर्षी, आम्हीही मध्य प्रदेश शासनाच्या सेवेतून निवृत्त होऊ. म्हणून गेल्या पाडव्याला, इंदूरच्या रीतीप्रमाणे वहीपूजन करून, आम्ही उभयतांनी नवी वही उघडली.

वाचकहो, या हिशेबाचे दोन भाग करावेत. पहिला नित्याचा. समजा, दोघांची औषधे महिना २,५०० म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये. तपासण्या ६,०००, डॉक्टरांची फी ४,०००, दात व चष्मा ८,०००. बेरीज ४८,०००, म्हणजे महिना ४,०००. ही रक्कम पेन्शन येताच, किराण्याच्याही आधी, बाजूस काढावी. खर्च दरसाल शेकडा दहाने वाढला, तर सात-साडेसात वर्षांत तो दुप्पट होतो, हेही विसरू नये. डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातील औषधे घेतल्यास पुष्कळ बचत होते.

दुसरा भाग रुग्णालयाचा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत घेतले आहे. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांत कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. परंतु रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या नित्याच्या गोळ्यांचा खर्च त्यात येत नाही. शिवाय ६२ ते ७० ही आठ वर्षे मध्ये उरतातच. त्यांसाठी आरोग्यविमा नोकरीत असतानाच घ्यावा. जुन्या आजारांसाठी विमा कंपनी ३ वर्षांपर्यंत वाट पाहावयास लावू शकते. आज घेतलेला विमा निवृत्तीच्या दिवशी पुरता उपयोगी पडेल. अर्जात मात्र कोणताही आजार लपवू नये. आगाऊ भरणा, जाणे-येणे, सोबत्याचा खर्च यांसाठी बँकेत वेगळी ठेव असावी आणि तिची पावती कोठे आहे हे दोघांनाही ठाऊक असावे.

आकडे घरोघरी निराळे असतील. काटकसर हा आपल्या मध्यमवर्गीय घरांचा गुण खरा. पण तो गोळीपर्यंत पोहोचला की घात होतो, आणि तो गुपचूप होतो.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर सौभाग्यवतींनी स्वहस्ते लिहिले आहे : ‘पैशासाठी गोळी चुकवायची नाही. पैसे कमी पडले, तर एकमेकांना सांगायचे.’ खाली आम्हां दोघांच्या सह्या आहेत.